बत्तीस इंची मावशी

आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी फाईल मिटता मिटता एकच वाक्य सांगितलं, "वस्तू मोठी करा." तीन शब्दांचं ते वाक्य अमलात आणायला मला तेरा आठवडे लागले. त्याचा जाब मला आजवर घरात कुणी विचारलेला नाही आणि हीच मला झालेली शिक्षा आहे.

आईच्या दोन्ही डोळ्यांत नेमका मधोमध डाग धरत चालला होता. कडा शाबूत होत्या. म्हणजे समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान, खांदे, बाहीचं बटण, सगळं स्वच्छ दिसायचं. चेहऱ्याच्या जागी मात्र पाटीवर फडकं फिरवल्यासारखा धूर. दारात कोण आलंय हे ती त्याच्या चपलांवरून ओळखायची. माझ्या चपलांना ती "आलास का" म्हणायची, तेव्हा मी नकळत पायांकडे बघायचो.

औषधाने डाग वाढायचा वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही, असंही डॉक्टर म्हणाले होते. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "अक्का दिसेल ना रे रविवारी?"

अक्का म्हणजे माझी मावशी. आईपेक्षा सहा वर्षांनी मोठी, निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्यापासून दीड दिवसाच्या प्रवासावर, आपल्या घरात एकटी राहणारी. दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. आई फोन डोळ्यांसमोर धरायची, मग कानाशी न्यायची, मग तिरका करायची, आणि सापडेल तेवढी बहीण बघून घ्यायची.

"अक्का, आज तुझी हनुवटीच नाही गं."

"आहे. जागेवर आहे. तू काळजी करू नकोस," मावशी शाळेत हजेरी घेतल्यासारखी म्हणायची.

तर वस्तू मोठी करायची होती, आणि ती वस्तू मावशी होती. आईच्या टेबलावर एक मोठा पडदा आणि तो चालवायला एक कॉम्प्युटर ठेवायचा, असं मी जाहीर केलं. "मग आणून टाका एक," बायको म्हणाली.

"आणून टाका" हा शब्दप्रयोग दाढीच्या साबणाला चालतो, यंत्राला नाही. मी वजन-मापे खात्यात निरीक्षक आहे. एक किलो हा एक किलोच आहे की नाही हे बघण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. माझ्यासारखा माणूस वस्तू आणून टाकत नाही, पारखून घेतो. बायकोने यावर "बरं" म्हटलं. तिच्या "बरं"मध्ये वजन कधीच पुरतं भरत नाही.

प्रथम मी खात्याची टेप घेऊन टेबल मोजलं. पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये अडकवलेलं ते टेबल बरोबर दोन फूट रुंद आहे. त्यावर आईची औषधं, चष्म्याचं घर, रेडिओ आणि पाण्याचा तांब्या. नेहमीचा पेटाऱ्याएवढा कॉम्प्युटर तिथे मावणं शक्य नव्हतं. टेबलाखाली आईचे पाय असतात. तेव्हा हल्ली निघतात तसला हातभर सोडा, वीतभर कॉम्प्युटर घ्यायचा असं ठरलं, आणि मी दुकानात गेलो.

मला दुकानात शिरताना एक सवय लागलेली आहे. मी दिसलो की दुकानदार उठतो, खुर्ची पुसतो, तराजूवरचा हात काढतो. या दुकानदाराने मानसुद्धा वर केली नाही. पेनाचं टोपण चावत त्याने विचारलं, "गेम खेळायला की बिलं करायला?"

"आईला मावशी दिसायला," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. जरा विचार केला आणि काउंटरवर दोन डबे आणून ठेवले. एक पांढरा, एक काळा. साबणाच्या चार वड्या शेजारी शेजारी मांडाव्यात, एवढाच प्रत्येकाचा जीव.

पांढऱ्यात पंखा नव्हता. त्यामुळे तो अजिबात आवाज करायचा नाही. पण तो जन्मतःच बंद. त्याला स्क्रू नाही, झाकण नाही, आत जे आहे ते आहे, पुढे काही वाढवता येणार नाही. काळ्याला खाली चार स्क्रू होते. उघडता यायचा, उद्या मेमरी वाढवता यायची, मागे तारा लावायला भोकंही जास्त. पण आत छोटा पंखा, आणि तो गुणगुणायचा.

"यातला चांगला कुठला?" मी विचारलं.

"दोन्ही चांगले."

"पण जास्त चांगला?"

"ज्याला जो लागेल तो."

माझ्या नोकरीत असं उत्तर देणारा तराजू मी जागच्या जागी जप्त करतो. पण इथे मला अधिकार नव्हता. मी दोन्हींची पत्रकं घेऊन घरी आलो आणि तक्ता आखायला बसलो.

तक्त्यात बावीस रकाने झाले. आवाज, उष्णता, धूळ, वेग, वीज, दुरुस्ती, आयुष्य वगैरे. प्रत्येकाला मी दहापैकी गुण दिले. तीन संध्याकाळी खपून बेरीज केली तर पांढरा एकशे एकाहत्तर, काळा एकशे एकाहत्तर. ज्या माणसाने आयुष्यभर काटा मधोमध आला की समाधानाने शिक्का मारला, त्याच्यावर काट्याने असा सूड घ्यावा! मी "धूळ" या रकान्याचं महत्त्व वाढवून पाहिलं. मग काळा हरायला लागला, आणि मला त्याची दया येऊन मी "दुरुस्ती"चं महत्त्व वाढवलं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. पहिले आले ते शेजारचे सचिव. हे आमच्या इमारतीच्या समितीचे सचिव, आणि आईच्या खोलीची भिंत त्यांच्या आमच्यात सामाईक. त्यांनी तक्ता दाढी कुरवाळत वाचला आणि म्हणाले, "थांबा."

"का?"

"या वस्तूंचं असं असतं, दोन महिन्यांत नवीन येतं आणि जुनं मातीमोल होतं. जो थांबतो तो शहाणा."

मला हे पटलं. खरं तर पटायला नको होतं. सचिव नव्या फ्रिजसाठी चार वर्षं थांबले होते आणि ती चार वर्षं त्यांचं दूध आमच्या फ्रिजमध्ये होतं. पण शहाण्या माणसाचा सल्ला आपल्या आळसाला सोयीचा असला की तो फारच शहाणा वाटतो.

दुसरे आले तळमजल्यावरचे वॉरंटीकाका. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी तीस वर्षांत घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं वॉरंटी कार्ड फायलीत लावून ठेवलं आहे. त्यांच्या घरातली निम्मी यंत्रं मेलेली आहेत, पण प्रत्येकाचा कागद जिवंत आहे. "आत काय आहे ते बघूच नका," ते म्हणाले. "किती वर्षं आहे ते बघा. माणसाचं काय आणि मशीनचं काय, लिहून दिलेलं असलं की बरं असतं."

मी तेविसावा रकाना आखला.

मग पडद्याचा प्रश्न. चोवीस इंची, सत्तावीस इंची की बत्तीस इंची? चकचकीत की मंद? चकचकीत घेतला तर खिडकी त्यात दिसणार, आणि मावशीऐवजी आईला समोरच्या इमारतीची वाळत घातलेली चादर दिसणार. मंद घेतला तर रंग उतरलेले दिसणार, असं सचिवांचं मत. मापाचा निकाल प्रयोगाने लावायचा म्हणून मी वर्तमानपत्राचे तीन आकाराचे तुकडे कापले, प्रत्येकावर जाड पेनाने मावशीचा चेहरा काढला आणि आईसमोर एकेक धरला.

आईने मान तिरकी केली, खिडकीच्या कडीकडे नजर लावली (असं केलं की बाजूने तिला समोरचं दिसायचं) आणि बराच वेळ बघितलं.

"हा कोण रे?"

"मावशी."

"मिशी कशाला काढलीस?"

"ती बातमी आहे. आधीची छापलेली."

आई हसली नाही. तिने हात पुढे करून सगळ्यात मोठा कागद चाचपला. "हा ठेव," ती म्हणाली. "आणि लवकर कर बाबा. गेल्या रविवारपासून तिचं नाक नाही दिसत मला."

तो सातवा आठवडा होता. हनुवटी, मग ओठ, मग नाक. मी तक्ता आखत होतो आणि पलीकडे मावशी थोडी थोडी पुसली जात होती. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि चुकीची वस्तू घेऊन घरी येणं वेगळं. चुकीची वस्तू आणलेला निरीक्षक ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

रात्रीचं जेवण आटोपल्यावर बायको तक्त्याकडे बघत म्हणाली, "यात एक रकाना राहिलाय."

मी उत्साहाने पेन्सिल उचलली. "कुठला?"

"आईंच्या डोळ्यांचा."

मी पेन्सिल खाली ठेवली. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. कामं फारशी नव्हती, त्यामुळे ते तिच्या लक्षातही आलं नसावं. तिसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निर्णय घेतला. पांढरा. आवाज नको. ज्या माणसाला दिसत नाही त्याचा कान हाच डोळा, त्याच्यासमोर पंखा गुणगुणत ठेवणं म्हणजे अन्याय. निर्णय इतका निर्मळ होता की दुकानाच्या पायऱ्या चढताना माझी छाती फुगली होती.

"पांढरा बंद झाला," दुकानदार टोपण चावत म्हणाला. "कंपनीने काढणं थांबवलं. शेवटचा होता तो मंगळवारी गेला."

"कोणी नेला?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायचं काही कारण नव्हतं. पण आपल्या ठरलेल्या मुलीचं दुसरीकडे लग्न झालं तर माणूस नवऱ्याचं नाव विचारतोच.

"तुमच्याच इमारतीतले. दाढीवाले. म्हणाले, शेजाऱ्यांनी फार अभ्यास केलाय, त्यांचा कल याच्याकडे दिसतो."

तीन संध्याकाळींची बेरीज, तेवीस रकाने, आणि फळ सचिवांच्या दिवाणखान्यात! जो थांबतो तो शहाणा, हे खरं होतं. फक्त कोण थांबतो आणि कोण शहाणा ठरतो, ती दोन वेगळी माणसं होती.

मी काळा घेतला. बत्तीस इंची मंद पडदा घेतला. घरी नेऊन पोचवायला सांगितलं आणि सरळ घरी आलो.

पडद्याचं खोकं लिफ्टमध्ये मावलं नाही. आमच्या समितीचा नियम असा आहे की मोठं सामान मागच्या जिन्यानेच न्यायचं, कामाच्या दिवशीच, दहा ते बारा या वेळात, आणि सचिवांची चिठ्ठी असेल तरच. चिठ्ठीसाठी एक अर्ज असतो. त्यात वस्तूचा प्रकार लिहायला चार पर्याय आहेत: कपाट, पलंग, पियानो, इतर. पियानो कुणी घातला ते माहीत नाही. इमारतीत तोंडाने शीळ घालणाराही कुणी नाही. मी "इतर"वर खूण केली.

"इतर असेल तर समितीच्या बैठकीत ठेवावं लागतं," सचिव म्हणाले. "बैठक महिनाअखेरीला."

पाच दिवस ते खोकं फाटकाशेजारी पहारेकऱ्याच्या खोलीत पडून होतं. जाता-येता मला दिसायचं, त्याच्यावर "वर काहीही ठेवू नये" असं छापलेलं आहे आणि पहारेकऱ्याचा पंखा, डबा आणि टोपी त्याच्यावर आहेत. सहाव्या दिवशी मी नवा अर्ज घेतला, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि "पलंग"वर खूण केली. खाली सही केली. सव्वीस वर्षं ज्याने लोकांच्या डब्यांवरचं खोटं लेबल शोधून काढलं, त्याने बत्तीस इंची पडद्याला पलंग म्हणून सही केली. हमालांनी तो "पलंग" एका हाताने उचलून वर नेला तेव्हा सचिव दारातच उभे होते. त्यांनी दाढी कुरवाळली, मी जिन्याकडे बघितलं.

खोकं उघडलं. पडदा देखणा होता. त्याला दोन टोकांना दोन पाय होते, आणि त्या पायांमधलं अंतर दोन फूट दोन इंच होतं. टेबल दोन फूट. मी टेबल मोजलं होतं, पडदा मोजला होता, आईच्या डोळ्यांपासूनचं अंतर मोजलं होतं. पाय मोजले नव्हते. मी टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि आईच्या पलंगावर बसलो.

"काय झालं?" आईने विचारलं.

"पाय बाहेर राहतात."

"माझेही राहतात थंडीत," ती म्हणाली. "आखडून घ्यायचे."

पडद्याचे पाय आखडत नव्हते. उपाय एकच, ते काढून पडदा लोखंडी हाताने भिंतीला टांगणं. आणि भिंत सामाईक. सामाईक भिंतीला भोक पाडायचं तर समितीचा ठराव हवा. मी सचिवांच्या दारात उभा राहिलो. आतून टीव्हीचा आवाज येत होता. दुसरा कुठलाच आवाज येत नव्हता, हे मी मुद्दाम कान देऊन ऐकलं.

"ठराव..." त्यांनी सुरुवात केली.

"पांढरा कसा चाललाय?" मी विचारलं.

सचिवांनी खिशातून पेन काढलं आणि उंबऱ्यावरच परवानगी लिहून दिली. आमच्या ओळखीतली एवढी मोकळी भेट ती पहिलीच.

भिंतीत ड्रिल मारायला आलेला कारागीर अनुभवी होता. त्याने भिंतीवर टकटक करून "भक्कम आहे" म्हटलं आणि मारलं. चौथं भोक पाडताना ड्रिल एकदम सुळकन आत गेलं, आणि पलीकडून सचिवांच्या सौभाग्यवतींचा आवाज इतका स्पष्ट आला की जणू त्या आमच्या खोलीत उभ्या आहेत. "अहो, भिंतीतून काहीतरी येतंय!" मी भोकाला तोंड लावून क्षमा मागितली. त्यांनी भोकाला तोंड लावून "काही हरकत नाही" म्हटलं. मोठ्या मनाच्या बाई. भोक सिमेंटने बुजवायला एक दिवस, सुकायला दोन दिवस, आणि रंग अजून लागायचा आहे.

शनिवारी सगळं जागेवर आलं. काळा डबा पडद्याच्या मागे लपला, पंखा गुणगुणू लागला. मी अपराध्यासारखा आईकडे बघितलं. "हा आवाज येत राहणार," मी म्हणालो. "पांढऱ्याचा आला नसता."

आईने कान दिला. "असू दे की. चालू आहे एवढं तर कळतं."

त्या एका वाक्याने माझे तेवीस रकाने उलथे पडले. पण दुःख करायला वेळ नव्हता, कारण त्याच वेळी बायकोने विचारलं, "याला कॅमेरा कुठेय?"

कॅमेरा नव्हता. मी तसाच दुकानात गेलो.

"तुम्ही कॅमेरा मागितलाच नाहीत," दुकानदार म्हणाला.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं कशासाठी पाहिजे ते!"

"आईला मावशी दिसायला, म्हणालात. मावशीला आई दिसायला, असं नव्हता म्हणालात."

हे इतकं बिनचूक होतं की मी पहिल्यांदाच त्याच्याकडे आदराने बघत कॅमेरा बांधून घेतला.

रविवारी दहा वाजता कॉल आला. मी आईला खुर्चीत बसवलं, बायको मागे उभी राहिली. मावशीचा फोन उभा धरलेला होता, त्यामुळे पडद्याच्या मधे एक अरुंद पट्टी आणि दोन्हीकडे काळोख.

"मावशी, फोन आडवा कर," मी म्हणालो. "आणि कशाला तरी टेकवून जरा मागे बस. म्हणजे पूर्ण पडदाभर दिसशील."

"उभाच बरा आहे," मावशी म्हणाली.

"अक्का, कर ना गं. त्याने तीन महिने खपून आणलाय."

थोडी खुडबूड झाली. छत दिसलं, बोट दिसलं, आणि मग एकाएकी पडदाभर मावशी आली. पांढरे केस, चष्मा, गालावरचा तीळ. माणूस समोर असतं त्याच्या दुप्पट.

आईने नजर खिडकीच्या कडीकडे नेली. बाजूने तिला बहीण दिसली. तिचा हात नुसता टेबलाच्या कडेवरून पुढे-मागे फिरत राहिला.

"आलीस," शेवटी ती म्हणाली. "किती दिवसांनी आलीस गं."

"दर रविवारी येते की."

"तुकड्या-तुकड्याने येत होतीस. आज सगळी आलीस." मग जरा वेळाने, "वाळलीस, अक्का."

"वय झालं."

मी बायकोकडे विजयी नजरेने बघितलं. बायकोने डोळे पुसले आणि चक्क मान डोलावली. तेरा आठवड्यांचं सार्थक झालं असं मला वाटलं, आणि हे वाटणं साधारण दोन मिनिटं टिकलं.

कारण आईने मान सरळ केली. सरळ बघितलं की तिला मधलं दिसायचं नाही, मावशी धुरात जायची, पण पडद्याच्या कडा लख्ख दिसायच्या. आम्ही सगळे मावशीच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आई एकटीच बाकीचं बघत होती.

"अक्का, तुझ्या डावीकडे ती लाल दोरी कसली गं?"

"कुठली? ती होय. पडद्याची."

"खिडकी उजवीकडे आहे. पडदाही तिकडेच आहे. दोरी डावीकडे कशी?"

मावशीने मान वळवून दोरीकडे बघितलं.

"आणि एवढी लांब? पार जमिनीपर्यंत आलीय. खाली कडी लावलीय तिला."

पंख्याची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. बत्तीस इंची पडद्यावर मावशीचे ओठ हलले, मिटले, परत हलले. आईला ते दिसत नव्हतं. आम्हाला दिसत होतं.

"पडल्यावर हाताला लागावी म्हणून," मावशी म्हणाली.

आईने दोन्ही हात मांडीवर घेतले. "म्हणजे तू घरी नाहीस."

"नाही."

"कुठे आहेस?"

"आहे अशी जागा. चांगली आहे. जेवण वेळेवर देतात, डॉक्टर येतात. दोरी ओढली की माणूस धावत येतं." मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात, "काळजी करण्यासारखं काही नाही. मी विचार करूनच घर सोडलं."

"कधी?"

"सात महिने झाले. न्हाणीघरात पडले होते. जवळजवळ दिवसभर तशीच होते. तुला सांगून काय करायचं होतं? तुझे डोळे हे असे."

सात महिने. एकतीस रविवार फोन नाकाशी धरून मावशी आमच्याशी बोलत होती, मागची भिंत दिसू नये म्हणून. आणि त्यातले तेरा रविवार मी दोन डब्यांमधला जास्त चांगला कुठला हे शोधत होतो. मला वाटलं आई आता रडेल. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झालो.

"उद्यापासून सामान बांधायला घे," आई म्हणाली. "हा तुला आणायला निघतोय."

"अगं असं कसं? तुमची जागा केवढी... मला जरा विचार करू दे."

"विचार करायला आमच्याकडे माणूस आहे. तीन महिने केलाय त्याने, तो सगळ्यांना पुरेल. तू निघ."

मावशीने चष्मा काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला रुमाल शोधताना बघितलं. तो तिच्या हातातच होता.

मी दुसऱ्या दिवशी निघालो. तिकीट मिळेल ते काढलं, कुठल्या गाडीने जायचं याचा तक्ता केला नाही. चौथ्या दिवशी मावशी दोन बॅगा आणि एक छत्री घेऊन आमच्या दारात उभी होती. आईने उंबऱ्यात येऊन तिच्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली, "नवीन घेतल्यास?" मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतका वेळ उभ्या राहिल्या की मी बॅगा घेऊन जिन्यातच थांबलो. मावशीला आमची मागची खोली दिली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत आलो.

पहिले आठ-दहा दिवस घरात नुसता बोलण्याचा पूर होता. मग आई गप्प गप्प झाली. मावशी शेजारी बसलेली असली की ती मान इकडे करायची, तिकडे करायची, आणि सोडून द्यायची. एका दुपारी मावशी आंघोळीला गेली असताना मी विचारलं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "आवाज येतो, हात लागतो. एवढं कुणाच्या नशिबात असतं? पण तोंड नाही दिसत तिचं. पडद्यावर होती तेव्हा दिसत होती."

"जवळ बसवून बघ तिला."

"किती जवळ? काल कपाळाला कपाळ लागलं. अक्का म्हणाली, भांडायचंय का?"

मी विचारात पडलो. मोठं भिंग असतं, दिव्याचं भिंग असतं, डोक्याला बांधायचंही एक निघालंय. त्यातलं कुठलं बरं पडेल हे बघायला म्हणून मी कागद घेतला आणि पहिली उभी रेघ मारली. मान वर केली तर दारात मावशी उभी होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळून. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली.

रविवारी सकाळी मावशीने चहा घेतला, केस विंचरले, ठेवणीतली साडी नेसली. "मी जरा आत बसते," असं सांगून ती मागच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दहाच्या ठोक्याला आईच्या टेबलावरचा कॉम्प्युटर वाजू लागला.

आई गोंधळली. "कोण आता? आपली सगळी तर इथेच आहेत."

मी बटण दाबलं. पडदाभर मावशी. मागे आमच्याच कपाटाचा आरसा आणि माझा खुंटीवरचा सदरा. तिने फोन आडवा टेकवला होता आणि नेमकी मागे सरकून बसली होती.

आईने नजर खिडकीच्या कडीकडे नेली.

"बघ," मावशी म्हणाली. तिचा आवाज आधी लावलेल्या दाराआडून यायचा आणि मग निमिषभराने पडद्यातून. प्रत्येक शब्द दोनदा.

आई बघत होती. बायको स्वयंपाकघरातून चहाचे दोन कप घेऊन आली, थबकली, आणि एक कप आईसमोर ठेवून दुसरा घेऊन मागच्या खोलीकडे गेली. पडद्यात दार उघडलं, बायकोचा हात आला, कप ठेवला, हात गेला.

दोन्ही कपांतला चहा निवून गेला. मग मावशी जरा चुळबुळली. तिचा गुडघा एका जागी बसला की दुखतो.

"झालं का बघून?" तिने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "बस तशीच."

आणि जिने उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं ती मावशी हात मांडीवर ठेवून, ताठ, तशीच बसून राहिली.